चेंडू लागला की नाही

विद्यार्थ्यांच्या रोबोट स्पर्धेसाठी नवा खेळ रचायला बसलेल्या समितीचा पहिला गैरसमज म्हणजे आपण खेळ रचतो आहोत. प्रत्यक्षात ती गुणांचा तक्ता रचत असते. चंद्राची जमीन, कचऱ्याचा पुनर्वापर, दहीहंडी ही सगळी तक्त्याला बांधलेली तोरणं. मुलं नियमपुस्तिकेची प्रस्तावना वाचतच नाहीत. थेट तक्त्याचं पान उघडतात आणि समितीला जे सुचलं नाही ते शोधायला लागतात. समितीत माणसं मोजकी, मुलं हजारो. हा सामना कोण जिंकणार हे सांगायला पंच कशाला हवा?

पुरावा अमेरिकेत भरपूर सापडतो. डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेली ‘फर्स्ट’ ही संस्था १९९२ पासून शाळकरी मुलांच्या रोबोट स्पर्धेसाठी जवळपास दरवर्षी नवा खेळ काढते. २००२ च्या खेळात मैदानावर ढकलता येणारे तीन गोल होते, आणि त्यांच्यासाठी चुरशीची ओढाताण अपेक्षित होती. इंडियाना राज्यातल्या हॅमंडच्या ७१ क्रमांकाच्या संघाने तिन्ही गोल एकदम कवेत घेतले, कानस साफ करायच्या तारेच्या ब्रशांचे पाय गालिच्यात रोवले आणि ते बिऱ्हाड इंचाइंचाने हवं तिथे नेलं. विजेतेपद त्यांच्या आणि सोबतच्या संघांच्या आघाडीलाच मिळालं. गालिच्याला काय मिळालं ते विचारू नये. २०१० मध्ये समितीला सद्भावना सुचली. मानांकनात जिंकणाऱ्याला हरणाऱ्याच्या गुणांचाही लाभ, आणि हरणाऱ्याच्या खात्यात जिंकणाऱ्याचे गुण. हेतू असा, की समोरच्याला कोणी चिरडू नये. हिशेबी पोरांनी ताडलं, की हरणारच असू तर समोरच्यासाठीच गोल केलेले बरे. मग काही सामन्यांत दोन्ही बाजूंचे सहाच्या सहा रोबोट गुण्यागोविंदाने एकाच बाजूसाठी गोल करू लागले. २०१५ मध्ये टक्करच नको म्हणून दोन्ही बाजूंना वेगळं केलं, पण मधल्या पायरीवर दोघांना घेता येतील असे डबे ठेवले. झालं! सगळं वैर त्या डब्यांवर एकवटलं आणि मोठ्या सामन्यांत पापणी लवायच्या आत निकालात निघू लागलं.

यावर कोणी म्हणेल, पळवाटा बुजवा, नियम वाढवा. वाढवतात की! पण प्रत्येक नव्या नियमाला स्वतःची फट असते, आणि पुस्तिका इतकी फुगते की गॅलरीतल्या आईबाबांना आपलं कार्टं जिंकतंय की दंड भरतंय हेही कळत नाही. दुसरा आक्षेप नैतिक आहे: हा कावेबाजपणा झाला, इंजिनिअरिंग नव्हे. मला हे मुळीच पटत नाही. दिलेल्या अटी शब्दशः वाचून त्यांतून सर्वांत स्वस्त वाट काढणाऱ्याला पुढे आपणच पगार देतो. चूक तक्त्याची असते, तो वाचणाऱ्याची नसते.

तक्ता कसा असावा, याचा धडा गल्लीत मिळतो. ‘एबीयू रोबोकॉन’ या आंतरराष्ट्रीय रोबोट स्पर्धेत यजमान देश खेळ ठरवतो. २००८ मध्ये पुण्यात रोबोटांना गोविंदा केलं होतं आणि २०२२ मध्ये दिल्लीत लगोरी खेळायला लावलं. लगोरीतला सनातन तंटा चकत्यांचा नाहीच, चेंडू लागला की नाही याचा आहे. ‘लागला!’, ‘नुसता चाटून गेला!’ आणि मग ज्याचा चेंडू तो घरी. दिल्लीच्या खेळात लगोरी रचणाऱ्या बाजूच्या रोबोटच्या डोक्यावर चेंडू ठेवला. नेम धरून तो पाडायचा. पिढ्यान्‌पिढ्यांचं भांडण एका चेंडूने मिटवणाऱ्याला मी शंभर पानी नियमपुस्तिकेपेक्षा जास्त मान देईन. चकत्या सातांच्या पाच केल्या म्हणून जुनी माणसं कुरकुरतील, खुशाल कुरकुरोत. आता एखादा वस्ताद संघ ‘चेंडू वाऱ्याने पडला’ असाही दावा करेल. असल्या स्पर्धा बंदिस्त स्टेडियममध्ये घेतात त्या बहुधा याच धास्तीने.