पिझ्झ्याची जातपडताळणी

इटलीची आठ दिवसांची सहल करून आलेला माणूस ओळखायला सोपा असतो. पिझ्झ्यावर मक्याचे दाणे दिसले की त्याच्या कपाळावर आठी पडते. ‘याला पिझ्झा म्हणत नाहीत,’ असं तो जाहीर करतो आणि वाढदिवसाला जमलेली पोरं हातातला तुकडा तोंडाशी धरून अपराध्यासारखी त्याच्याकडे बघतात. अस्सल पिझ्झा कुठे मिळतो याची यादी त्याच्या फोनमध्ये असते. यादीतल्या जागा शक्यतो गावाबाहेरच्या. सहज सापडलं ते अस्सल कसलं?

या मंडळींना वाटतं, अस्सलपणा जिभेला कळतो. नेपल्समध्ये तो कागदावर कळतो. १९८४ साली तिथे खऱ्याखुऱ्या नेपल्सी पिझ्झ्याच्या रक्षणासाठी एक संघटना निघाली. तिचं प्रमाणपत्र मिळालं की दारावर पाटी लावायची. २०१० मध्ये युरोपीय संघाने तर नियमच छापून टाकले. व्यास ३५ सेंटिमीटरच्या वर नको. मधली जाडी ०.४ सेंटिमीटर, दहा टक्के इकडेतिकडे चालेल. कडा एक ते दोन सेंटिमीटर फुगलेली. भट्टी लाकडाची, तापमान ४८५ अंश, वेळ ६० ते ९० सेकंद. ऑलिव्ह तेल चार ते पाच ग्रॅम, तेही गोल गोल फिरवत सोडायचं. आणि लाटणं? साफ वर्ज्य. जातपडताळणी समितीकडे दाखल्यांसाठी खेटे घालून चपला झिजवलेल्या कुठल्याही मराठी माणसाला ही नियमावली वाचताना माहेरी आल्यासारखं वाटेल.

चेष्टा नियमांची. पिझ्झेवाल्याच्या हातांची चेष्टा करायची माझी छाती नाही. तो गोळा उचलतो, दोन्ही हातांच्या बोटांनी मधोमध दाबत हवा कडेकडे ढकलतो, चकती उलटतो, पुन्हा दाबतो, मग या हातावरून त्या हातावर थापटतो. आपण मेन्यू उघडेपर्यंत चकती तयार. कडेला त्याचं बोट लागत नाही. तिथे कोंडलेली हवा भट्टीत फुगते आणि तिच्यावर काळे ठिपके उठतात. दुसरा गडी लांब दांड्याचं फावडं घेऊन भट्टीतला पिझ्झा फिरवत उभा असतो. त्याने जांभई दिली तरी एक बाजू करपते. युनेस्कोने २०१७ मध्ये वारशाच्या यादीत घेतली ती या गड्यांची कला. पिझ्झा नव्हे. हा फरक नेपल्सच्या पाटीवाल्यांनाही फारसा सांगावासा वाटत नाही.

मग पिझ्झा टेबलावर येतो, न कापलेला. सुरीकाटा घ्या, नाहीतर चौघडी घालून खा. मधला भाग ओलसर, लिबलिबीत. नियमातच आहे, पिझ्झा मऊ, लवचिक आणि घडी पडण्याजोगा हवा. इथे आमच्या अस्सलप्रेमी कुटुंबाची परीक्षा सुरू होते. ‘अहो, कच्चा राहिलाय वाटतं. जरा कडक करून आणायला सांगा ना.’ अहो मान खाली घालतात. दुसरी परीक्षा वेटरची. चौघांत एक मार्गेरिटा आणि वर तीन रिकाम्या ताटल्या. नेपल्समध्ये माणशी एक पिझ्झा घेतात, हे त्याने कुणाकुणाला सांगायचं?

एवढं सोवळं ज्याच्याभोवती आहे त्या पिझ्झ्याला खुद्द इटलीत तरी कोण विचारत होतं! तारायंत्रवाल्या सॅम्युएल मोर्सने १८३१ मध्ये नेपल्सचा पिझ्झा पाहिला आणि त्याला गटारातून काढलेला पाव आठवला. तो परका, सोडून देऊ. पण ‘पिनोकिओ’चा कर्ता कार्लो कोलोदी तर फ्लोरेन्सचा. त्यालाही त्यात घाणच दिसली. मातिल्दे सेराओने नेपल्सवरच्या १८८४ च्या पुस्तकात एका स्थानिक व्यापाऱ्याची गोष्ट सांगितली आहे. त्याने रोममध्ये पिझ्झ्याचं दुकान काढलं. चार दिवस गर्दी झाली, मग दुकान बसलं. नेपल्सहून रेल्वेने काही तासांवर!

राहता राहिली राणी. १८८९ मध्ये इटलीच्या राणी मार्गेरिटाला राफाएले एस्पोझितो याने तिरंगी पिझ्झा खिलवला, आणि राणीने पसंतीचं पत्र धाडलं, अशी कथा. ब्रांदी या पिझ्झेरियाने हे पत्र अभिमानाने मिरवलं, शंभर वर्षं झाल्यावर भिंतीवर शिळाही बसवली. पुढे झॅकरी नोवाक नावाच्या अभ्यासकाने पत्र तपासलं, तर राजदरबारचा शिक्का जुळेना आणि हस्ताक्षरही जुळेना. त्याच्या मते पत्र बनावट. अस्सल पिझ्झ्याच्या सर्वांत मोठ्या पुराव्याची ही अवस्था. शिळा मात्र पक्की आहे.

सामग्रीचं वेगळं सांगायला नको. टोमॅटो अमेरिका खंडातून आला. मोझरेलाची म्हैस आपल्या उपखंडात माणसाळली. ताकदीच्या मैद्याला तर इटालियन लोक कॅनडातल्या प्रांताच्या नावावरून ‘मॅनिटोबा’ म्हणतात. कॅनडातलाच एक ग्रीक स्थलांतरित, सॅम पानोपुलोस, याने १९६२ मध्ये ओंटारिओत पिझ्झ्यावर अननस टाकला तर केवढा गहजब! २०२४ मध्ये नेपल्सच्या जीनो सोर्बिलोने स्वतःच्या मेन्यूवर अननस चढवला तेव्हा तर गावात सुतकच पडलं.

अगेहानंद भारती हे विएन्नात जन्मलेले, भारतात येऊन संन्यास घेतलेले मानववंशशास्त्रज्ञ. १९७० मध्ये त्यांनी एका घटनेला ‘पिझ्झा इफेक्ट’ असं नाव दिलं. गरिबाची भाकरी गरिबांबरोबर अमेरिकेला जाते, तिथे तिच्यावर साज चढतो, पैसा चढतो, आणि ती मायदेशी परतते ती राष्ट्रीय अभिमान होऊन. त्यांना सांगायचं होतं ते आपल्याबद्दल. योग आणि गुरू असेच पश्चिमेला जाऊन आल्यावर आपल्याकडे भाव खाऊ लागले. तेव्हा पिझ्झ्याच्या अस्सलपणावरून इटलीला हसण्याआधी योगासनाची चटई गुंडाळून ठेवलेली बरी.

मला विचाराल, तर बेकरीतून दोन-दोनच्या पाकिटात मिळणारा तो जाड पाव, त्यावर केचप, ढोबळी मिरची, कांदा, किसलेलं अमूल चीज आणि तव्यावर झाकण, हा प्रकारही अस्सलच. नेपल्सचा नव्हे, नव्वदच्या दशकातल्या सदाशिव पेठेचा. त्याला संघटना नाही, म्हणून पाटी नाही.

आता खरी गंमत. ज्यांना अस्सलही हवं आणि शुद्ध शाकाहारीही हवं, त्यांची. बुफाला मोझरेलाचं दूध परंपरेने साकळवतात ते वासराच्या जठरातल्या रेनेटने. आपल्याकडच्या चीजच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका तिथल्या ताटलीत शोधून सापडायचा नाही. मग उरतो मारिनारा. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. नेपल्सच्या ‘दा मिकेले’त वर्षानुवर्षं दोनच पिझ्झे मिळत, त्यांतला हा एक. मार्गेरिटापेक्षा जुना, स्वस्त, निर्विवाद शाकाहारी. अस्सलतेचे सगळे गुण जुळतात. आमचे शोधयात्री तो मागवतात, ताटली येते, आणि पहिलं वाक्य असतं, ‘यात चीज कुठेय?’

व्हित्तोरिओ दे सिकाच्या ‘लोरो दी नापोली’ या १९५४ च्या चित्रपटात सोफिया लॉरेन गल्लीत तळलेला पिझ्झा विकते, तोही उधारीवर. आज खा, आठ दिवसांनी पैसे द्या, असा तिथला रिवाज. तिची अंगठी गायब होते. ती कणकेत पडली असणार, असं ती नवऱ्याला पटवते आणि तो बिचारा एकेका गिऱ्हाइकाच्या दारी अंगठी शोधत फिरतो. अंगठी असते प्रियकराच्या घरी. युरोपीय संघाच्या नियमावलीत भट्टीचं तापमान आलं, तेलाचे ग्रॅम आले, लाटण्याला मनाई आली. आठ दिवसांच्या उधारीचं कलम तेवढं राहिलं. परंपरा तंतोतंत हवी असणाऱ्यांनी पुढच्या खेपेला बिल आल्यावर मागून बघावं.