बिनपगारी जनरल मॅनेजर

अमेरिकी बेसबॉलच्या अव्वल लीगमध्ये ३० संघ आहेत. प्रत्येक संघाला एक जनरल मॅनेजर असतो. कोणाला घ्यायचं, कोणाला काढायचं, कोणाच्या बदल्यात कोणाला आणायचं हे तो ठरवतो आणि त्याबद्दल भरघोस पगार घेतो. याखेरीज प्रत्येक संघाला काही लाख जनरल मॅनेजर असे असतात, जे छदामही घेत नाहीत. उलट तिकिटाचे, टोपीचे आणि बिअरचे पैसे पदरचे घालतात. कामही तेच करतात. फरक एवढाच, की पगारी माणूस अधूनमधून चुकतो. बिनपगारी माणूस आजवर एकदाही चुकलेला नाही. त्याने सुचवलेला एकही सौदा कधी प्रत्यक्षात आलेला नसल्यामुळे त्याची पाटी कोरी करकरीत आहे.

मोसम मार्चअखेर सुरू होतो आणि सप्टेंबरअखेर संपतो. तेवढ्यात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. म्हणजे जवळपास रोज सामना, रोज निकाल आणि रोज पंचनामा. पहिल्या तीन सामन्यांत ज्याची बॅट बोलली नाही, त्याला चौथ्या दिवशी बिनपगारी मॅनेजर निवृत्त करतो. १५९ सामने शिल्लक आहेत हे त्याला माहीत असतं. पण दूरदृष्टी म्हणतात ती हीच. मे महिन्यात तोच खेळाडू आठवडाभर होमरन ठोकत सुटला, की ‘मी पहिल्यापासून सांगत होतो’ हे वाक्य बाहेर येतं. जुलैअखेर अदलाबदलीची मुदत संपते. तिच्या आधीचे पंधरा दिवस या मंडळींना झोप नसते. न्यूयॉर्कमध्ये तर १९८७ साली डब्ल्यूएफएएन नावाचं, चोवीस तास फक्त खेळांवर बोलणारं रेडिओ केंद्रच निघालं. मध्यरात्री अडीच वाजता फोन लावून दुसऱ्या बेसवर कोण हवा हे सांगणाऱ्या नागरिकांची सोय झाली.

बिनपगारी मॅनेजरचा सौदा ओळखायला सोपा असतो. आपला दुखऱ्या खांद्याचा पिचर, दोन वर्षं बाकड्यावर बसलेला कॅचर आणि एक एकोणीस वर्षांचा होतकरू पोरगा द्यायचा, आणि समोरच्या संघाचा सर्वांत भारी फलंदाज घ्यायचा. समोरचा कशाला देईल? तर ‘त्यांना तरी यंदा कुठे जिंकायचंय!’ त्या पोराचं वर्णन मात्र विवाहविषयक जाहिरातीच्या वळणावर जातं: उंच, डावखुरा, निर्व्यसनी, ताशी ९८ मैलांनी चेंडू टाकतो, भवितव्य उज्ज्वल. चेंडू कुठे जाऊन पडतो, ते प्रत्यक्ष भेटीत. हाच पोरगा समोरच्या संघाचा असता तर मात्र ‘कच्चा आहे, चार वर्षं तरी लागतील’. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, या एका म्हणीत खेळाडूच्या बाजारभावाचं सगळं शास्त्र येतं. अमेरिकेत त्यासाठी संगणक लागतात, एवढंच.

या बाजारात अगदी काट्यावर तोललेला सौदा १९६२ साली झाला. न्यूयॉर्क मेट्सने हॅरी चिटी नावाचा कॅचर क्लीव्हलंडकडून घेतला. बदल्यात कोणता खेळाडू द्यायचा, ते मागाहून ठरवू असं ठरलं. अशी सोय या खेळात आहे. जून उजाडला, मेट्सने चिटीचा खेळ पाहिला आणि बदल्यात द्यायचा तो खेळाडू जाहीर केला: हॅरी चिटी. माणूस स्वतःच्याच बदल्यात परत गेला. ना नफा, ना तोटा. मेट्स त्या मोसमात १२० सामने हरले; पण या एका व्यवहारात त्यांना कोणी फसवलं असं म्हणता येणार नाही.

आपल्यापैकी बऱ्याच जणांचा एक भाचा एडिसनला नाहीतर जर्सी सिटीला असतो. माझाही आहे. रात्रीचा सामना संपला की त्याचा फोन येतो. तेव्हा इकडे पुण्यात सकाळचं दूध तापत असतं.

“मामा, सोटोला शहात्तर कोटी पन्नास लाख डॉलर दिले आपण.”

“आपण?”

“म्हणजे मेट्सने रे. पंधरा वर्षांचा करार.”

“मग? परवडलं का?”

“परवडलं म्हणजे काय, स्वस्तात पडला!”

हाच भाचा घराच्या कर्जावर पाव टक्का वाचावा म्हणून तीन महिने बँका हिंडत होता. तिथे त्याने बायकोशी, बापाशी आणि माझ्याशी स्वतंत्र चर्चा केली. सोटोच्या बाबतीत मात्र त्याने चहा गाळण्याइतकाही वेळ घेतला नाही. आता सोटो दोन दिवस रिकाम्या हाताने परतला, की ‘पंधरा वर्षं म्हणजे वेडेपणा होता’ हे तो मला सांगतो आणि दूध उतू जातं.

बिनपगारी मॅनेजरांत दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाचा आपल्या डोळ्यांवर विश्वास असतो, दुसऱ्याचा आकड्यांवर. आकडेवाल्यांचं आराध्यदैवत म्हणजे ‘वॉर’. या खेळाडूच्या जागी किमान पगारावर सहज मिळणारा एखादा सटरफटर खेळाडू उभा केला असता, तर संघाने किती सामने कमी जिंकले असते, त्याचा हा अंदाज. म्हणजे बेसबॉलमधला सर्वांत महत्त्वाचा खेळाडू जन्मालाच आलेला नाही, आणि बाकी सगळ्यांची लायकी त्याच्या शेजारी उभं करून मोजली जाते. त्यातही बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळाचं वॉर वेगळं आणि फॅनग्राफ्स या संकेतस्थळाचं वेगळं. पिचरच्या बाबतीत एक जण त्याने किती धावा दिल्या ते धरतो. दुसरा त्या बाजूला ठेवून किती फलंदाज चेंडू न लागता बाद झाले, किती फुकट बेसवर गेले आणि किती होमरन बसले ते धरतो. त्यामुळे एकच पिचर एका वहीत रत्न आणि दुसऱ्या वहीत गारगोटी ठरू शकतो. चाहता दोन्ही वह्या उघडून पाहतो आणि आपल्या माणसाला जास्त गुण देणारी वही शास्त्रीय आहे असा निर्वाळा देतो.

या दोन पंथांचं पानिपत २०१२ साली झालं. डेट्रॉइटच्या मिगेल काब्रेराने सरासरी, होमरन आणि धावा घडवणं या तिन्हींत अमेरिकन लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. १९६७ नंतर हे कोणालाच जमलं नव्हतं. आकडेवाले म्हणाले, छान. पण धावणं आणि क्षेत्ररक्षण धरलं तर एंजल्सचा नवखा माइक ट्राउट मोठा, वॉर पाहा. डोळेवाले म्हणाले, आम्ही सामना पाहतो, तुम्ही वही पाहता. सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात २८ पैकी २२ पहिली मतं काब्रेराला पडली. वाद मिटला असं ज्यांना वाटलं, त्यांनी बेसबॉलच्या चाहत्यासोबत एकदाही जेवण घेतलेलं नाही.

तिसरा विषय फलंदाजीच्या क्रमाचा. नऊ जण, एक कागद. पहिला चपळ हवा की बेसवर पोचणारा, सर्वांत भारी माणूस दुसरा हवा की चौथा, यावर सासरे-जावई वर्षानुवर्षं अबोला धरून आहेत. गणितं मांडणारे सांगून थकले, की माणसं तीच असतील तर क्रमाने पडणारा फरक फार थोडा असतो. हे कोणाला ऐकायचं नसतं. १९७२ च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइटचा प्रशिक्षक बिली मार्टिन हरून हरून वैतागला आणि त्याने नऊ नावांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकून क्रम काढला. चौथी जागा, म्हणजे संघातल्या सर्वांत दणकट फलंदाजाचं मानाचं पान, एड ब्रिंकमनच्या वाट्याला आली. ब्रिंकमनची ख्याती क्षेत्ररक्षणाची. त्याच्या बॅटीला पिचर घाबरत नसत. डेट्रॉइटने क्लीव्हलंडला ३-२ असं हरवलं. गंमत पुढेच आहे: त्या वर्षी डेट्रॉइटने आपला विभाग बॉस्टनपेक्षा अर्ध्या सामन्याने पुढे राहून जिंकला. टोपीला बक्षिसातला वाटा दिल्याची नोंद नाही.

इतिहास हे बिनपगारी मॅनेजरचं आवडतं न्यायालय, कारण तिथे आरोपी नेहमी दुसराच असतो. १९६४ च्या जूनमध्ये शिकागो कब्सने लू ब्रॉक सेंट लुइसला दिला आणि मुख्यतः पिचर एर्नी ब्रॉग्लिओसाठी हा व्यवहार केला. ब्रॉकने पुढे कारकिर्दीत ९३८ बेस चोरले, सेंट लुइसने त्याच वर्षी वर्ल्ड सीरिज जिंकली आणि ब्रॉग्लिओने शिकागोसाठी जेमतेम सात सामने जिंकले. आज शिकागोत असा आजोबा सापडणार नाही, ज्याला तेव्हाच हे कळलं नव्हतं. मात्र ब्रॉग्लिओ आदल्या मोसमात १८ सामने जिंकून आला होता आणि ब्रॉक तोवर चाचपडत होता, हे वहीत लिहिलेलं आहे. वही कोण उघडतो? बैल गेला आणि झोपा केला ही म्हण इथे उलटी चालते: बैल गेला, की गोठ्याचं दार उघडं असल्याचं सगळ्यांनी आधीच पाहिलेलं असतं.

डेट्रॉइटचा १९८७ चा सौदा या न्यायालयाला अजून झेपलेला नाही. त्यांनी अटलांटाकडून डॉइल अलेक्झांडर हा मुरलेला पिचर आणला आणि जॉन स्मोल्ट्झ नावाचा वीस वर्षांचा पोरगा दिला. अलेक्झांडरने उरलेल्या मोसमात नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही, आणि डेट्रॉइटने विभाग जिंकला. स्मोल्ट्झ पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. सौदा फायद्याचा की तोट्याचा? त्या सप्टेंबरात जे नाचले, तेच आज कपाळ बडवतात आणि दोन्ही वेळा स्वतःला द्रष्टे समजतात. ‘साइनफेल्ड’ या विनोदी मालिकेत न्यूयॉर्क यांकीजचे तेव्हाचे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर एका घरी मुलगा गेल्याची बातमी द्यायला येतात, तर बाप शोक बाजूला ठेवून विचारतो, की जे बूनर हा खेळाडू दुसऱ्या संघाला दिलाच कसा. इतरत्र लोक हसले. न्यूयॉर्कमध्ये अनेकांनी मान डोलावली असेल, की प्रश्न रास्त आहे.

या साऱ्या वेडाला कारणही आहे, आणि त्याचं नाव बिल जेम्स. कन्सासमधल्या लॉरेन्सला, डबाबंद बीन्सच्या कारखान्यात हा गृहस्थ रात्रीचा पहारेकरी होता. राखणीच्या वेळात आकडे मांडत बसायचा. १९७७ साली त्याने आपली आकडेमोड पदरच्या खर्चाने छापली. पुढे अख्खी पिढी तिच्यावर पोसली गेली आणि २००२ मध्ये बॉस्टन रेड सॉक्सने त्याला चक्क नोकरीवर ठेवलं. बेब रूथला १९२० च्या सुमारास १ लाख डॉलरला विकल्याचं पाप कपाळी घेऊन फिरणारा, १९१८ नंतर विजेतेपद न पाहिलेला हा संघ २००४ मध्ये जिंकला. एका बिनपगारी मॅनेजरला पगार सुरू झाला! तेव्हापासून लाखो जण फोनची वाट पाहत बसले आहेत. जेम्स रात्र रात्र हिशेब करायचा, आणि आपण फक्त रात्र रात्र बोलतो, हा बारीक फरक कोणी लक्षात घेत नाही.

आता मालाकडे वळू. माल म्हणजे खेळाडू. २९ जुलै २०१५ च्या रात्री मेट्सच्या मैदानात विल्मर फ्लोरेस बॅट घेऊन निघाला, तर प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. त्याला कळेना, आपण केलं काय? प्रेक्षकांच्या फोनवर बातमी आली होती, की त्याला मिलवॉकीला दिलं. खेळाडू बसतात त्या डगआउटमध्ये मोबाइल चालत नाही. त्यामुळे खेळाडूलाही पत्ता नाही आणि प्रशिक्षक टेरी कॉलिन्सलाही नाही. गर्दीला मात्र सगळं ठाऊक. फ्लोरेस सोळाव्या वर्षी व्हेनेझुएलातून या संघाकडे आलेला. तो क्षेत्ररक्षणाला परतला आणि भर मैदानात बाहीने डोळे पुसू लागला. माल रडतो, हे वॉरच्या सूत्रात बसत नाही. शेवटी वैद्यकीय तपासणीवरून बोलणी फिसकटली, सौदा झालाच नाही, आणि दोन दिवसांनी याच फ्लोरेसने बाराव्या इनिंगमध्ये होमरन मारून वॉशिंग्टनविरुद्धचा सामना जिंकून दिला. ज्यांनी आठवडाभर ‘विका त्याला’ म्हणून घसा कोरडा केला होता, त्यांनी तोच घसा त्याच्या नावाचा जयजयकार करायला वापरला.

रडण्याऐवजी नाही म्हणणाराही एक होऊन गेला. सेंट लुइसने १९६९ मध्ये कर्ट फ्लडला परस्पर फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. बारा वर्षं सेंट लुइसकडून खेळलेल्या फ्लडने बेसबॉलच्या आयुक्तांना पत्र लिहून कळवलं, की मी कोणाच्या खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही, आणि तो कोर्टात गेला. सर्वोच्च न्यायालयात १९७२ साली तो ५-३ ने हरला आणि कारकीर्द गमावून बसला. खेळाडूंना करार संपल्यावर मोकळं होण्याचा हक्क मिळाला, तोवर फ्लडचा खेळ संपला होता. बिनपगारी मॅनेजरच्या ऐतिहासिक सौद्यांच्या यादीत हे नाव सहसा नसतं. कारण त्याच्या बदल्यात कोण आला आणि कोणाचा फायदा झाला, हा प्रश्नच तिथे गैरलागू आहे.

राहता राहिला खेळाडूचं खरं मोल किती, हा प्रश्न. त्याचं उत्तर बॉबी बोनिया या निवृत्त खेळाडूकडे आहे. मेट्सला तो नकोसा झाला होता आणि त्याचे ५९ लाख डॉलर देणं होतं. ते आत्ता देण्याऐवजी आठ टक्के व्याजाने पुढे देऊ, असं त्याच्याशी ठरलं. तो २००१ मध्ये खेळातून निवृत्त झाला. २०११ पासून दर १ जुलैला मेट्स त्याला ११,९३,२४८ डॉलर आणि २० सेंट देत आले आहेत आणि २०३५ पर्यंत देणार आहेत. चाहते त्या दिवशी दरसाल त्याची टिंगल करतात. चेक बोनिया घेतो.