शुक्रवारचा क्षय

सामोआतली माणसं 29 डिसेंबर 2011 च्या गुरुवारी रात्री झोपली आणि उठली ती थेट शनिवारी, 31 तारखेला. मधला शुक्रवार सरकारने गिळला. आपल्याकडे तिथीचा क्षय होतो तो चंद्राच्या चालीने. तिथे तो रीतसर कायदा करून झाला. गिळलेल्या दिवसाचा पगार मात्र मालकांनी द्यायचा होता. काम नाही, कारण दिवसच नाही, आणि पगार चालू! आपल्याकडच्या कित्येक कचेऱ्यांना ही सिद्धी साधायला पिढ्या लागल्या.

वृद्धीही त्यांनी पाहिलेली आहे. 1892 साली अमेरिकी व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी सामोआने अमेरिकेची तारीख धरली, तेव्हा तिथे 4 जुलै लागोपाठ दोनदा उगवला. नेमका अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. गिऱ्हाइकाची मर्जी राखायची तर अशी.

पुढे गिऱ्हाईक बदललं. माल ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा, आणि राजधानी आपियात शुक्रवारी कचेरी उघडावी तर ऑकलंडला शनिवारची सुट्टी. रविवारी सामोआ चर्चमध्ये, तर सिडनीत सोमवारचे फोन खणखणतायत. म्हणून पंतप्रधान तुइलाएपा साइलेले मालिएलेगाओई यांनी देशच उचलून तारीखरेषेपलीकडे नेला. समुद्र जागच्या जागी. याच गृहस्थांनी 2009 मध्ये सगळी वाहतूक उजवीकडून डावीकडे आणली होती, तीही त्याच शेजाऱ्यांकडच्या स्वस्त मोटारी याव्यात म्हणून. शेजारचा अमेरिकन सामोआ मात्र जुन्याच तारखेला राहिला. त्यावर पंतप्रधानांनी पर्यटकांना सुचवलं, तासाभराच्या आत विमानाने पलीकडे जा आणि एकच वाढदिवस दोनदा करा. केकचा खर्च अर्थात ज्याचा त्याने.

पंचाईत झाली ती शनिवारी शब्बाथ पाळणाऱ्या सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्टांची. देवाने सातवा दिवस सांगितला, पण मोजायचं कुठून? शुक्रवार गायब, म्हणजे खरा सातवा दिवस आता सरकारी रविवारी पडतो, असं त्यांच्या चर्चने ठरवलं. काहींना ते पटलं नाही. ते वेगळे होऊन शनिवारीच जमू लागले. व्यापाराचा ठराव असा थेट प्रार्थनेच्या बाकांपर्यंत पोचला.

याच सरकारने 2010 पासून उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करायलाही सुरुवात केली होती. सामोआ विषुववृत्तापासून जेमतेम 14 अंशांवर. तिथे वर्षातला सर्वांत मोठा दिवस आणि सर्वांत छोटा दिवस यांत फरक दीड-पावणेदोन तासांचा. सूर्याकडे वाचवण्याजोगं फारसं नव्हतंच, पण सरकारला वाचवायचं होतं. कामावरून सुटलेल्या माणसाने उरलेल्या उजेडात अळू-केळीच्या बागेत खपावं, तब्येत सुधारावी, इंधन वाचवावं, अशी योजना होती.

लोकांनी तो तास घेतला आणि एकमेकांच्या ओट्यावर जाऊन बसले. 2021 मध्ये फियामे नाओमी माताआफा यांचं सरकार आलं आणि ज्या सप्टेंबरात काटे पुढे सरकायचे, त्याच महिन्यात त्यांनी ही प्रथा बंद केली. कारण दिलं ते असं की मूळ हेतू साधलाच नाही. वाढीव वेळ लोक गाठीभेटींत घालवतात. अकरा वर्षं राबवलेल्या योजनेचा जनतेला झालेला एवढा स्पष्ट फायदा क्वचितच कुठल्या सरकारने कबूल केला असेल, आणि तो झाला म्हणून योजना रद्द करणारं तर दुसरं नसेलच. तास परत सरकारजमा झाला. ओट्यावरची बैठक आता अंधारात भरते.