दिवाणखान्यातले गोपनीय दफ्तर

मनुष्यापाशी गुप्त राखण्याजोगे काही असो वा नसो, ते राखण्याची सोय मात्र त्याच्या हाताशी असलीच पाहिजे, हा विचार अलीकडे इतका सर्वमान्य झाला आहे की, महसूल खात्याच्या अभिलेख कक्षात ज्याची सारी हयात परक्यांची कागदपत्रे रुमालात बांधण्यात गेली आणि ज्याच्या स्वतःच्या आयुष्यात पेन्शनीच्या आकड्यापलीकडे झाकण्यासारखे काही उरलेले नाही, अशा माझ्यासारख्या निवृत्त अव्वल कारकुनाच्या संगणकावरही 'सिग्नल' नामक सुरक्षित निरोप्या येऊन ठाण मांडून बसला आहे.

त्याला आणण्याचे श्रेय आमच्या कोषागारातल्या स्नेह्यांचे. त्यांना आम्ही सर्व रावसाहेब म्हणतो. सारी नोकरी दुहेरी कुलपाच्या खोलीशेजारी काढल्यामुळे एकेरी कुलपावर त्यांचा विश्वास नाही. 2021 च्या जानेवारीत व्हॉट्सॲपने नव्या अटींची नोटीस काढली, तेव्हा ती अथपासून इतिपर्यंत वाचणारे रावसाहेब हे भरतखंडातील बहुधा एकमेव गृहस्थ असावेत. त्याच सुमारास इलॉन मस्क यांनी अवघ्या दोन शब्दांत जगाला सिग्नलची वाट दाखवली, जग त्या वाटेने धावले, आणि गर्दी इतकी उसळली की 15 जानेवारीला सिग्नलची सेवाच दिवसभर ठप्प झाली. दुसरा कोणी असता तर या प्रकाराने विटला असता. रावसाहेबांनी मला फोन करून सांगितले, "बघितलंत? बंद पडलं. याचा अर्थ माल अस्सल आहे!"

वस्तुतः व्हॉट्सॲपच्या निरोपांनाही 2016 पासून सिग्नलच्याच कारागिरांनी घडवलेले कुलूप आहे. भेद आहे तो कुलपाबाहेरच्या नोंदवहीत. कोणी, कोणाला, केव्हा लिहिले याची जी आवक-जावक एखादे दफ्तर ठेवते, तिच्यावरून पाकीट न फोडताही पुष्कळ कळते, हे टपालाच्या टेबलावर बसलेल्या कोणत्याही कारकुनास सांगावे लागत नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात 2016 साली सिग्नलकडे न्यायालयाची मागणी आली, तेव्हा त्यांच्यापाशी देण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या: खाते केव्हा उघडले, आणि ते शेवटचे केव्हा जोडले गेले. हे ऐकून रावसाहेब सद्गदित झाले. मला मात्र त्या दफ्तराची कीव आली. एका इसमाविषयी फक्त दोन तारखा! आमच्या कक्षात मयत खातेदाराच्या एका वारस नोंदीवर याहून अधिक शेरे असत.

मोबाईलवर हे यंत्र मी चालवून पाहिले. परंतु त्या इवल्या पाटीवर माझा अंगठा एका वेळी तीन अक्षरांवर हक्क सांगतो, आणि माझी बोटे तर गोदरेजच्या मराठी टंकलेखन यंत्रावर तयार झालेली, ज्याची कळ जोराने हाणल्याखेरीज दबत नसे. तेव्हा हा कारभार संगणकावर हलवावा असे ठरले, आणि शिकवण्याचे काम आमच्या कुटुंबाकडे आले. त्या एका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झाल्या असून त्यांची शिकवण्याची रीत अशी की, गोष्ट एकदाच सांगावयाची आणि दुसऱ्या वेळी "मघाशी काय सांगितलं मी?" एवढेच विचारावयाचे.

सिग्नलचे मूळ खाते मोबाईलवरच असावे लागते. संगणक हा त्याचा केवळ मुखत्यार. मुखत्यारपत्राचा विधी असा की, संगणकाच्या पडद्यावर काळ्या ठिपक्यांची एक चौकोनी आकृती उमटते, आणि मोबाईलमधील जोडलेल्या उपकरणांच्या कलमात शिरून त्याचा कॅमेरा तिच्यासमोर धरावा लागतो. चौकोन नेमका कॅमेऱ्याच्या कक्षेत यावा म्हणून मी हात जरा वर-खाली, डावीकडे-उजवीकडे फिरवू लागलो.

"अहो, ओवाळताय काय त्याला? स्थिर धरा."

मी स्थिर धरला आणि मुखत्यारपत्र मंजूर झाले. पूर्वी असा संगणक जोडला की तो कोरा उभा राही. 2025 पासून मोबाईलवरील जुना पत्रव्यवहार सोबत आणावयाचा किंवा कसे, अशी पृच्छा होते. अपुरे दफ्तर ताब्यात घेण्याची मला सवय नसल्याने मी सर्व काही मागवले. ते आले, आणि त्यात रावसाहेबांनी मला सिग्नल संगणकावर घ्या म्हणून पाठवलेली स्मरणपत्रे तेवढी निघाली.

एक परवलीचा पिन असतो आणि तो आपण विसरू नये म्हणून सिग्नल अधूनमधून स्वतःहून विचारतो. या काळजीने मी भारावून गेलो, परंतु कुटुंबाने ती निष्प्रयोजन ठरवली. कारण पिन त्यांनी त्याच दिवशी भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागे, दुधाच्या हिशेबाखाली, ठळक शाईने टिपून ठेवला होता.

खरी कसोटी लागली ती लेखनाची. ज्या परंपरेत माझे पत्रलेखन घडले, तीत मायना स्वतंत्र ओळीवर येतो, त्याखाली ओळ सोडावी लागते, आणि मग मजकूर सावकाश आरंभतो. त्या शिरस्त्याने मी 'रावसाहेबांस सप्रेम नमस्कार विनंती विशेष' असे टंकून ओळ बदलण्यासाठी एंटरची कळ दाबली. मजकूर नाहीसा झाला आणि पलीकडून तत्काळ विचारणा आली: "कसली विनंती?" तिच्याकडे लक्ष न देता मी 'आपले पत्र पावले' असे लिहून पुन्हा ओळ बदलली. "कुठलं पत्र? मी पाठवलेलं नाही. तुमच्या नावाने दुसराच कोणी लिहितोय का?" तिसऱ्या ओळीत 'प्रकृतिमान' एवढाच शब्द गेला, आणि रावसाहेबांच्या घरून आमच्या दूरध्वनीवर त्यांच्या चिरंजीवांचा चिंतातुर फोन आला.

"शिफ्ट दाबून एंटर," कुटुंब स्वयंपाकघरातून म्हणाले.

ओळ संपली की माणसाचे बोलणेही संपले, असे या यंत्राच्या रचनाकारांनी गृहीत धरले आहे, आणि आजच्या पिढीच्या बाबतीत ते अवास्तवही नाही. परंतु ज्याच्या वाक्यात कर्ता आरंभी येऊन क्रियापद दुसऱ्या पानावर भेटते, आणि मधल्या मुलुखात दोन उपवाक्ये, एक अपवाद व एक कंस मुक्कामाला असतात, त्याने एक बोट अखंड शिफ्टवर रोवून उरलेल्यांनी संसार करावा, ही सक्ती मला आजही जुलमी वाटते.

असो. यंत्र चालू झाले; प्रश्न उरला तो गुप्ततेचा. या व्यवस्थेचे मर्म असे सांगतात की, निरोप धाडणाऱ्याच्या टोकाला कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्याच टोकाला उघडतो. मधले कोणीही, खुद्द सिग्नलचे चालकसुद्धा, तो वाचू शकत नाहीत. मधल्या जगाविषयी माझी कधीच तक्रार नव्हती. चिंता आहे ती टोकांची. एक टोक रावसाहेबांच्या घरी. तेथे ते आलेला प्रत्येक निरोप, श्रवणयंत्र काढून ठेवलेले असल्याने, इमारतीस ऐकू जाईल अशा आवाजात वाचतात. दुसरे टोक आमच्या दिवाणखान्यात. तेथे संगणक अशा बेताने मांडला आहे की, वापरणाऱ्याची पाठ दाराकडे आणि पडद्याचे तोंड येणाऱ्या-जाणाऱ्याकडे असते. शिवाय माझ्या दृष्टीचा विचार करून कुटुंबाने कंट्रोल आणि अधिक या कळा दाबून अक्षरे एवढी वाढवली आहेत की, जिन्यातून जाणाऱ्या पेपरवाल्यालाही तपशील कळावा. (संगणकावर साठलेल्या निरोपांचे कुलूप उघडणारी किल्ली 2024 पर्यंत शेजारच्याच फाइलीत उघडी पडलेली असे, ती आता बंदोबस्तात ठेवतात, हे वाचल्यावर कुटुंब एवढेच म्हणाले की, बँकेत असे कोणी केले असते तर त्याची खातेनिहाय चौकशी लागली असती.)

चैत्र सरता सरता पहिला खरोखर गोपनीय निरोप आला. 'अत्यंत गोपनीय. देवगडच्या बागेतून थेट पेटी मिळत आहे. भाव वाजवी. पेट्या मोजक्याच, तरी कोणास कळू देऊ नये.' मी तो दोनदा वाचला, इतक्यात मागून फरशी पुसता पुसता मावशी म्हणाल्या, "काका, माझ्यासाठी पण एक डझन सांगा. पार पिकलेले नको म्हणावं." सायंकाळपर्यंत समोरच्या बिऱ्हाडाने दोन डझन आणि वरच्या मजल्याने एक अख्खी पेटी नोंदवली.

बातमी फुटल्याचे रावसाहेबांना कळले तेव्हा ते हादरले. एवढ्या अभेद्य व्यवस्थेतून आंबा बाहेर पडतो, त्या अर्थी आपल्या दोघांच्या मध्ये कोणी तिसरा बसला आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला. याला उपाय आहे. दोघांच्या संभाषणाचा 60 अंकी सुरक्षा क्रमांक, पाच-पाच अंकांच्या 12 गटांत, दोन्हीकडे दिसतो. तो दोन्हीकडे सारखा भरला तर मध्ये कोणी नाही. तेव्हा दूरध्वनीवरून त्याची रुजुवात घ्यावी असे ठरले. आता, आयुष्यभर कोषागारात रकमा वाचलेला मनुष्य पाच अंक सुटे कसे वाचणार?

"अठ्ठेचाळीस हजार तीनशे सात मात्र!" ते गरजले.

"बरोबर. पुढे?"

"सातशे एकतीस मात्र."

"रावसाहेब, माझ्याकडे सातशे एकतीसच्या आधी दोन शून्ये आहेत."

"आधीच्या शून्याला किंमत नसते. कोषागारात कधी धरली नाही."

यावर बराच काळ वाद होऊन अखेर त्या शून्यांना, केवळ या प्रकरणापुरती आणि पूर्वोदाहरण न मानण्याच्या अटीवर, मान्यता मिळाली. सर्व गट जुळले. हा क्रमांक गुप्त नसतो, म्हणून आमच्या सोसायटीतील बहुतेकांनी तो ऐकला त्याची चिंता नाही. किंबहुना खालच्या मजल्यावरील मुलाने तो आमच्याबरोबर ताडूनही पाहिला.

मध्ये तिसरा नाही हे सिद्ध झाल्यावरही रावसाहेबांचे समाधान होईना. त्यांनी निरोप आपोआप नष्ट होण्याची मुदत घालून टाकली, आणि ती 30 सेकंदांची. ज्याने 'अ' वर्गाचे कागद कायम, 'ब' वर्गाचे 30 वर्षे आणि अगदी क्षुल्लक अशा 'ड' वर्गाचेही वर्षभर सांभाळले, त्याच्या देखत कागद वाचता वाचता विरघळावा, याचे दुःख नष्टीकरणाच्या यादीवर ज्याने कधी सही केली आहे त्यालाच समजेल. पेशव्यांच्या कारभाऱ्यांनी असली मुदत घातली असती, तर पेशवे दफ्तरातून रियासतकार सरदेसाई यांनी निवडलेल्या कागदांचे 45 खंड छापण्याचा सरकारचा खर्च वाचला असता, आणि नाना फडणवीस हे गृहस्थ कोण, असा प्रश्न आज आपल्याला पडला असता.

व्यवहारात घडते ते असे. टिंग असा ध्वनी होतो, मी निरोप उघडतो, घटका भरू लागते, आणि चष्मा देवघरात असतो. तो घेऊन मी परतेपर्यंत पडदा स्वच्छ.

"गेलं का ते, मावशी?"

"गेलं. मी वाचलं ना. शनिवारी पेटी येणार आहे, पैसे रोख द्यायचेत, आणि बाईंना कळू देऊ नका म्हणतात."

"मला कळलं आहे," आतून कुटुंबाचा आवाज येतो.

येणेप्रमाणे आमची गुप्त पत्रव्यवहाराची व्यवस्था सुरळीत चालू आहे. परदेशस्थ हेरांना तिच्यात प्रवेश नाही, कंपन्यांना नाही, सरकारला तर मुळीच नाही. बाकी ज्या कोणास आमचा मजकूर वाचावयाचा असेल त्यांनी सकाळी मावशी कामावर असतात त्या वेळी निःसंकोच यावे. चष्मा आणण्याचे कारण नाही, अक्षरे मोठी आहेत.