हवामान परिषदेतील स्वयंसेवक : लक्षणे व उपयोग

हवामान परिषदेतील विद्यार्थी स्वयंसेवक हा तापमानवाढीशी लढणाऱ्या जागतिक यंत्रणेतला सर्वांत स्वस्त घटक होय. त्याला इंधन लागत नाही, पगार लागत नाही आणि दरवर्षी तो नव्याने उपलब्ध होतो. त्यामुळे त्याची गणना अक्षय ऊर्जास्रोतांत करण्यास हरकत नाही. या जातीच्या अभ्यासासाठी 2021 ची ग्लासगो परिषद सोयीची आहे. पुण्या-नाशकाकडून मास्टर्ससाठी ब्रिटनला गेलेला, डोक्यावर शैक्षणिक कर्ज आणि पाठीवर सॅक असलेला मराठी नमुनाही तिथे नांदण्याजोगे हवामान होते.

स्वयंसेवकाची उत्पत्ती फॉर्मपासून होते. फॉर्ममध्ये तो मराठवाड्यातल्या टँकरविषयी, अवकाळीने झोपवलेल्या द्राक्षबागेविषयी आणि आजोबांच्या आटलेल्या विहिरीविषयी पानभर कळकळीने लिहितो. ते वाचून निवड करणाऱ्यांना गहिवरून येते. मग त्याला एक जॅकेट देऊन रांगेशेजारी उभे केले जाते.

रांग हा या विषयाचा गाभा आहे. ग्लासगोला नोंदणी झाली होती सुमारे 40 हजार लोकांची आणि करोनाच्या नियमांनुसार सभास्थानी एका वेळी 10 हजारांनाच प्रवेश होता. म्हणजे पृथ्वीची धारणक्षमता किती, यावर बोलायला जमलेल्यांना सभागृहाची धारणक्षमता मोजता आली नव्हती. त्याचा परिणाम पहिल्या काही दिवसांत क्लाइड नदीच्या काठी उभा असलेला दिसला. रांगेतल्या प्रत्येकाने सकाळी नाकात काडी घालून चाचणी करायची, निकाल कळवायचा आणि उत्तरादाखल आलेला संदेश दारात दाखवायचा, असा नियम होता. नोव्हेंबरातली स्कॉटिश सकाळ, धड उजाडलेले नाही, वरून भुरभुर. कुठल्याशा देशाचा उपसचिव हातमोजा दातांनी ओढून काढतो, ओल्या काचेवर अंगठा फिरवतो, संदेश वर जाण्याऐवजी बायकोचा फोटो उघडतो. मागे साठ माणसे चुळबुळत असतात. तेव्हा जलव्यवस्थापनात मास्टर्स करणारा आपला मुलगा स्वतःच्या बाहीने ती काच पुसून देतो. परिषदेत त्याने केलेले पाण्याचे एकमेव व्यवस्थापन ते हेच. एरवी त्याचे विद्वत्तापूर्ण प्रतिपादन एका वाक्यात मावते : “उजवीकडून चला.” बुडू घातलेल्या बेटाचा प्रतिनिधी आला, उजवीकडून चला. तेल, वायू आणि कोळशाच्या धंद्याशी संबंधित 500 हून अधिक प्रतिनिधी त्या परिषदेत असल्याचे एका मोजणीत आढळले होते. कोणत्याही एका देशाच्या शिष्टमंडळापेक्षा हा आकडा मोठा. तेही आले, त्यांनाही उजवीकडूनच. पंढरपूरच्या दर्शनबारीतला सेवेकरीही “माउली, पुढे चला” एवढेच म्हणत असतो, पण तिथे पुढे खरोखर विठ्ठल असतो.

रांगेपर्यंत न पोचलेल्यांचीही नोंद करायला हवी. परिषदेच्या पहिल्याच दिवशी, 31 ऑक्टोबरला, वादळाने रुळांवर झाडे पडली आणि लंडनहून ग्लासगोकडे जाणाऱ्या गाड्या अडकल्या. कार्बन वाचवायला म्हणून रेल्वेचे तिकीट काढलेल्यांपैकी काही जण शेवटी विमानाने गेले. हवामानाने परिषदेत केलेला हा एकमेव हस्तक्षेप.

आता मोबदला. स्वयंसेवकाला मोबदला नसतो, अनुभव असतो. ब्रिटनमध्ये विद्यार्थी विसावर सत्र चालू असताना बहुतेकांना आठवड्याला 20 तासच काम करता येते. खऱ्याखुऱ्या स्वयंसेवेला ही मर्यादा लागू नाही. फुकट राबण्यास कायद्याची आडकाठी नाही, असा याचा अर्थ. त्या वर्षी 23 वर्षांवरील कामगाराचे किमान वेतन तासाला 8.91 पौंड होते. आठ तासांच्या पाळीचे झाले 71 पौंड आणि वर काही पेन्स. एवढ्यात मुलाचा आठवड्याचा किराणा भरून वर चहाला उरले असते. पण नाही! कॉफीवाल्याला पगार, दारावरच्या सुरक्षारक्षकाला पगार, वाटाघाटी करणाऱ्यांना पगार आणि भत्ता दोन्ही. फक्त ज्याच्या बापाने शेत गहाण टाकून फी भरली आहे, त्याने पृथ्वीसाठी त्याग करायचा. त्याच शहरातले सफाई कामगार परिषदेच्या पहिल्या आठवड्यात पगारासाठी संपावर गेले. आपल्या कामाला किंमत असते आणि ती मागायची असते, हे त्यांना कुठलेही ब्रीफिंग न घेता ठाऊक होते. बरे, यजमानांची गल्ल्याची ही शिस्त फक्त पोरांपुरती असती तरी सोडून देता आले असते. 2009 मध्ये यजमानांसह श्रीमंत देशांनी गरीब देशांसाठी 2020 पर्यंत वर्षाला 100 अब्ज डॉलर उभे करण्याचा शब्द दिला होता. मुदत उलटली, रक्कम भरली नाही आणि ग्लासगोच्या ठरावात त्याबद्दल खेद नोंदवला गेला. घरमालकाला भाड्याऐवजी खेद देऊन पाहणारा विद्यार्थी अद्याप आढळलेला नाही.

वाटाघाटींच्या खोलीत स्वयंसेवकाचा संचार नसतो. खोलीत काय ठरले, हे त्याला नाशिकच्या मावशीच्या फोनवरून कळते, कारण तिच्या घरी टीव्ही चालू असतो. परिषद 12 नोव्हेंबरला संपायची होती, ती 13 तारखेला रात्री संपली. जगाचे एकमत उशिरा झाले तरी खुर्च्या त्याच रात्री उचलायच्या असतात.

शेवटी प्रमाणपत्र मिळते. मायदेशी परतल्यावर या जातीचे रूपांतर ‘हवामान परिषदेत भारताचे प्रतिनिधित्व’ करणाऱ्या तरुणात होते. जुन्या कॉलेजात शाल, श्रीफळ आणि प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला पुष्पगुच्छ देऊन सत्कार होतो. भाषणात तो रांगेचा उल्लेख करत नाही. समोरच्या बाकांवरून पुढच्या परिषदेसाठी हात वर होतात.

हात वर करणाऱ्यांनी फॉर्म भरण्याआधी यजमानांना लेखी विचारावे : तिकीट कोण काढणार, मुक्काम कुठे आणि पाळीचे पैसे किती? उत्तरात ‘अनुभव’ हा शब्द आला, तर आजोबांच्या विहिरीविषयी एक ओळही लिहू नये.