पाचेक वर्षांनी मोठा सासरा

"वहिनी, कपडे वाळत घालून झाले की जरा भिंतीपाशी या. एक भानगड सांगायचीय."

"कुणाची हो बाई? त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यातली?"

"छे, ती शिळी झाली. ही १७९५ ची आहे."

"अगं बाई! मग ती ताजीच म्हणायची."

"आधी सांगा, आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत कोण होतं?"

"नेहरू. तिथं पुस्तक लिहिलं त्यांनी. शाळेची सहल नेली की तेच सांगतात."

"त्यांच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी नाना फडणीस होते. १७९७ सरता सरता दौलतराव शिंद्यांच्या माणसांनी पुण्यात दगा करून धरलं आणि इथं आणून ठेवलं. पुढच्या वर्षी सुटले. तर ह्या नानांचा चेहरा आपल्याला कसा ठाऊक? तेव्हा काय फोटो होते? जेम्स वेल्स म्हणून एक स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला होता, त्यानं समोर बसवून काढलेत. १७९२ चं मोठं तैलचित्र आहे. मधे सवाई माधवराव, अठरा वर्षांचं पोर, अंगभर मोती. शेजारी नाना, भोवती सेवक. ते आता लंडनला रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे."

"म्हणजे हा पेशव्यांचा फोटोग्राफरच."

"तिथंच तर गंमत आहे. गड्याची हौस वेगळीच. डोंगर, झाडं, पाणी, पडके किल्ले, लेणी! घरचा बेताचाच. तरुणपणी ॲबर्डीनमध्ये पत्र्याच्या तुकड्यांवर लोकांची तोंडं रंगवून स्वस्तात विकायचा. १७९१ ला मुंबईत उतरला आणि उतरल्या उतरल्या काय काढलं असेल? माझगावच्या टेकडीवरून दिसणारी मुंबई. शीवच्या किल्ल्यावरून दिसणारी खाडी. वरळीच्या बाजूला समुद्र अडवायला घातलेला बांध. चित्र काढायचं, तेच तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं, सगळं आपल्याच हातानं. पाहिलीत तर मुंबई म्हणून ओळखणार नाही तुम्ही. माड आणि पाणी, पाणी आणि माड, अधूनमधून एखादी होडी."

"मग तोंडं कशाला काढत बसला?"

"अहो, डोंगर स्वतःचं चित्र काढून घ्यायला पैसे मोजत नाही ना! पैसे मोजणार सरदार. पुण्यात इंग्रजांचा वकील होता चार्ल्स मॅलेट, त्यानं ह्याला दरबारात नेलं. मग रांगच लागली. पेशवे झाले, नाना झाले, महादजी शिंदे झाले."

"महादजी म्हणजे आपल्या जामगावचे?"

"तेच. पारनेर तालुक्यात वाडा आहे ना त्यांचा, तेच. ते १७९४ च्या फेब्रुवारीत वानवडीला वारले. त्याच्या आधी वेल्सनं त्यांना कागदावर धरलं म्हणून बरं. पण माझं आपलं मत सांगू? वेल्सच्या चित्रांत माणसं जरा लाकडी बसतात. अंगरखा, पागोटं, मोत्यांचे सर अगदी हुबेहूब. पण डोळ्यांत काही हलत नाही. दगडाशी मात्र त्याचं जमायचं."

"दगडाशी म्हणजे?"

"लेणी हो. घारापुरी, कार्ले, वेरूळ, कान्हेरी. तिकडे विलायतेत तेव्हा ह्याचंच वेड सुरू झालं होतं. पडकी भिंत, अंधारी गुहा, वर दाटलेले ढग, आणि खाली एवढासा माणूस. आपल्याकडे आयताच खजिना पडलेला. आणि त्याच्याआधी त्या खजिन्यात कोण उतरलं होतं माहितीये? पुण्याचा गंगाराम तांबट."

"हा कोण?"

"तांबट घराण्यातला कारागीर, हात विलक्षण. मॅलेटनं त्याला वेरूळला पाठवून कैलास काढून आणला. पेशव्यांच्या शिकारखान्यात गेंडा होता, त्याचंही चित्र त्यानं काढलंय. कातडीची घडी न् घडी मोजून घ्या. शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, तिथं वेल्स शिकवायला आणि गंगाराम शिकायला. एक पत्र्यावर तोंडं रंगवून वर आलेला, दुसरा जातीचा तांबट. पाहा कसा जोडा जमलाय! अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात दोघांचीही कामं आहेत आता."

"थांबा हं बाई, कुकरची तिसरी झाली. गॅस बंद करून आले… हां, सांगा. १७९५ चं काहीतरी म्हणत होता."

"ते वर्षच विचित्र. मार्चमध्ये खर्ड्याची लढाई, आपल्या जामखेड तालुक्यात. निजामाची पार जिरवली, पेशवे स्वतः मोहिमेवर होते. पुण्यात दिवाळीच. आणि ऑक्टोबरात तेच सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली पडले. दोन दिवसांनी गेले. एकवीस वर्षांचे."

"पडले की उडी मारली?"

"ते अजून कुणाला ठरवता आलेलं नाही, आपण इथं भिंतीवर काय ठरवणार? तर पुढच्याच महिन्यात वेल्स. साष्टीत कान्हेरीची लेणी काढत होता. ओलावा, डास, पावसाळा नुकता संपलेला. ताप भरला आणि ठाण्यालाच वारला. अठ्ठेचाळीस वर्षांचा."

"अठ्ठेचाळीस म्हणजे फार लहान नाही हो."

"ते खरं. तिकडं विलायतेतले चित्रकार पाहा, टॉमस गर्टिन सत्ताविसाव्या वर्षी गेला, बॉनिंग्टनला तर सव्विसावंही पुरं झालं नाही. पण ह्याला इथं चारच वर्षं मिळाली, आणि त्याचं नाव राहिलंय ते त्या चार वर्षांच्या कामावर. त्यातली निम्मी पागोट्यांत गेली! मनासारखं काम हातात आलं आणि त्यातच ताप."

"मग अर्धवट राहिलेल्या चित्रांचं काय झालं?"

"हीच ती भानगड. मुंबईची बारा दृश्यं लंडनला छापून निघाली १८०० साली, तो जाऊन पाच वर्षं झाल्यावर. वेरूळची चोवीस चित्रं १८०३ मध्ये टॉमस डॅनियल नावाच्या चित्रकारानं काढली. वेल्सचं नाव आहे, नाही असं नाही, पण लोक म्हणतात डॅनियलचं वेरूळ. आणि मॅलेटनं १७९० मध्ये पेशव्यांशी तह केला, त्या दरबाराचं भलंमोठं चित्र वेल्सला करायचं होतं. माणसामाणसाचे कच्चे आराखडे काढून ठेवलेले. ते हातात घेऊन डॅनियलनं १८०५ ला चित्र पुरं केलं आणि लंडनच्या रॉयल अकादमीत मांडलं. आज ते टेट संग्रहालयात, डॅनियलच्या नावावर."

"म्हणजे वाटण-घाटण एकीचं आणि भाजी वाढली दुसरीनं. आमच्या जाऊबाई!"

"अगदी तसंच. मी तर म्हणते, गंगारामचं त्याहून वाईट. वेल्सचं नाव निदान पुस्तकावर छापलंय. वेरूळ त्याच्याआधी काढणाऱ्या गंगारामचं नाव आपल्या पुण्या-नगरात किती जणांना माहीत आहे? मॅलेटला एक मानायला हवं. वेरूळवर त्यानं निबंध लिहिला, त्यात गंगारामचा उल्लेख केलाय."

"मॅलेट बराच भला दिसतोय."

"भला? थांबा, आता खरी भानगड. मॅलेटच्या घरी अंबर कौर नावाची बाई होती. लग्नाची नव्हे. तिच्यापासून तीन मुलं. वेल्सनं तिचंही चित्र काढलंय, आणि माझ्या मते त्याच्या सगळ्या माणसांत तीच खरी जिवंत."

"अय्या!"

"ऐका तर. वेल्स गेला. मॅलेट १७९८ ला नोकरी सोडून विलायतेला परतला, आणि १७९९ मध्ये त्यानं लग्न केलं. कुणाशी? सुझाना वेल्सशी. वेल्सच्या मुलीशी!"

"काय सांगता! वय काय हो त्याचं?"

"पन्नाशीला टेकलेला. सासरा जावयापेक्षा पाचेक वर्षांनीच मोठा असता. वेल्स जिवंत असता तर ही सोयरीक त्याला चालली असती का, ह्याचा मी फार विचार करते."

"पोरीला घर मिळालं म्हणायचं. बाप परक्या मुलखात गेलेला, करणार काय? पण त्या अंबर कौरला विचारलं का कुणी?"

"तिला विचारायची रीत कुठं होती, वहिनी!"

"आणि सुझानाला मुलंबाळं?"

"आठ."

"आठ!"

"आठही मुलगे."

"देवा! मग आजोबांसारखं ब्रश कुणी धरला की नाही?"

"थोरला अलेक्झांडर बापाच्या वळणावर गेला. वकिलातीत, तिकडं जर्मनीत."

"आठांत एकानंही नाही? बघा, म्हणून म्हणते, आमच्या पिंट्याला येऊ द्या तुमच्याकडे शनिवारी, रंगपेटी पाठवते बरोबर."