जरा बॅटरी धरता का?

घरच्या गॅरेजात जुनी मोटार पुनरुज्जीवित करणारा गृहस्थ प्रत्येकाच्या परिचयात कोठे ना कोठे असतोच, आणि एकाच्या जरी परिचयात असला तरी त्याच्या मोटारीची तोशीस साऱ्या गोतावळ्याला लागते. म्हणून त्या जातीची ओळख करून देण्यात वेळ न दवडता मी सरळ आमच्या बापूसाहेबांकडे वळतो. मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या उत्तरेच्या एका उपनगरात त्यांचे घर आहे. त्या घरी सत्यनारायणाच्या प्रसादास, कोणाच्या डोहाळजेवणास अथवा निव्वळ शिष्टाचार म्हणून गेलेल्या माणसाचे पाऊल उंबऱ्याच्या आत पडते न पडते तोच, तेलाने माखलेले हात दाराला लागू नयेत म्हणून कोपराने ते ढकलीत, गॅरेजमधून एक मस्तक बाहेर येते आणि अत्यंत आर्जवी स्वरात विचारते, "आलात? बरे झाले. जरा बॅटरी धरता का?"

एकदा विजेरी हाती आली की मनुष्य त्या दरबारी रुजू झाला. मंडळाचे एक माजी अध्यक्ष, ज्यांचा शब्द वार्षिक सभेत खाली पडू देण्याची कोणाची छाती होत नाही, ते या गॅरेजात पाऊण तास ओणवे उभे होते. हृदयरोगाच्या एका निष्णात शल्यविशारदांनी, ज्यांच्या मस्तकावर शस्त्रक्रियेच्या वेळी मोठाले दिवे टांगलेले असतात, येथे दुसऱ्याच्या शस्त्रक्रियेस उजेड पुरवला आणि "डॉक्टर, तिकडे नको, इकडे" ही समज निमूटपणे ऐकून घेतली. पुण्याहून मैफलीसाठी आलेले एक गवई रेशमी झब्ब्यानिशी यात सापडले, आणि ज्यांची उभी गायकी हातवाऱ्यांवर तोललेली होती त्या बिचाऱ्यांना बापूसाहेबांनी हुकूम केला तो असा, की "बुवा, हात अजिबात हलवू नका." त्या रात्री बुवांचा उजवा हात तानेला वर उठेना, असे तबलजींनी मला खाजगीत सांगितले.

आणि हे "इकडे" म्हणजे नेमके कोठे, हे जाणण्यास कोणतेही साधन नसते. बापूसाहेबांचे दोन्ही हात कोपरापर्यंत यंत्राच्या उदरात गेलेले, तोंडात एखादा वॉशर धरलेला, त्यामुळे दिशादर्शनाचे काम त्यांच्या हनुवटीला किंवा प्रसंगी डाव्या भुवईला करावे लागते. आणि भुवईच्या रोखाने आपण प्रकाश न्यावा तर तो नेमका त्यांच्या चष्म्यावर पडून परावर्तित व्हावा, हातातील नट सुटून खाली घरंगळावा, आणि मग तो शोधण्यासाठी पुन्हा विजेरी धरण्याची निराळी कामगिरी अंगावर यावी, असा तेथील शिरस्ता आहे.

ज्या गाडीपायी हा खटाटोप, ती 1966 सालची पॉन्टियाक जीटीओ. मध्यम आकाराच्या गाडीत 330 घन इंचांहून मोठे इंजिन बसवू नये, असा दंडक जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी घालून दिलेला असताना, पॉन्टियाकचे मुख्य अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी यांनी 1964 सालच्या टेम्पेस्ट ल माँ या सालस कौटुंबिक गाडीत 389 घन इंचांचे धूड बसवले, आणि तेही राजरोस, 295 डॉलरांच्या "ऐच्छिक साहित्य" या सदराखाली. कारण दंडक गाडीला होता, ऐच्छिक साहित्याला नव्हता. ही हकिकत सांगताना बापूसाहेबांच्या मुद्रेवर कुळकायद्यातून जमीन सोडवून आणलेल्या वकिलाचे तेज चढते. पुढे 1966 साली ही गाडी स्वतंत्र नावाने नांदू लागली, त्या एका वर्षात तिच्या 96,946 प्रती खपल्या, आणि त्यांतील एक, कोण्या शेतकऱ्याच्या कोठारात उंदरांनी वहिवाटीने बळकावलेली, बापूसाहेबांनी ट्रकवर घालून घरी आणली. अनुक्रमांकाच्या आरंभी 242 हे आकडे असले तरच ती अस्सल, एरवी कोणा साध्या टेम्पेस्टला दागिने घालून उभी केलेली, असे असल्यामुळे येणाऱ्या प्रत्येकास प्रथम त्या आकड्यांचे दर्शन घडवण्यात येते. अर्थात विजेरीने.

दर्शनापलीकडे त्या वेळी गाडीत पाहण्यासारखे फारसे उरलेही नव्हते. डेट्रॉइट शहराच्या पोटात, सुमारे 1,100 फुटांवर, मिठाची विस्तीर्ण खाण आहे, आणि हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून या भागातील रस्त्यांवर मीठ ओतले जाते. तेव्हा या गाडीने डेट्रॉइटचे मीठ खाल्ले होते, आणि नंतर त्या मिठाने गाडी खाल्ली. डिकीच्या तळातून जमीन दिसे. मागच्या काचेखालचा पत्रा बोट लावताच पापडासारखा मोडे. अशा त्या सांगाड्यास ऊबदार गॅरेज बहाल झाले आणि वहिनींची धडधाकट, रोज इस्पितळात जाणारी गाडी बाहेर बर्फात उभी राहू लागली. पहाटे पाचला उणे तापमानात काचेवरचे बर्फ खरवडणाऱ्या वहिनींना मी एकदा पाहिले आहे, आणि त्या वेळी त्यांच्या मुखातून निघालेल्या उद्गारांची नोंद मी कोणत्याही दप्तरात करणार नाही.

बापूसाहेबांनी नोकरीची सारी हयात आसनपट्ट्याच्या बकलात घालवली. ते किती वजनाच्या झटक्यास सुटावे, किती वजनास सुटू नये, यावर त्यांचा अधिकार मानला जाई. अशा पुरुषाच्या लाडक्या गाडीत मात्र पोटावरून जाणारा पट्टा तेवढा आहे. खांद्यावरून येणारा पट्टा नव्या गाड्यांना सक्तीचा झाला तो 1968 साली, आणि तो आता बसवला तर गाडीचे अस्सलपण भंगते, म्हणून तो बसवायचा नाही. ब्रेकचेही तेच. हिच्या पुढच्याच वर्षापासून गाड्यांना तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग आले. या गाडीत चारही चाकांचा भरवसा एकाच नळीवर, आणि त्या नळीतील हवा काढण्यास एकाने पायटा दाबायचा व दुसऱ्याने चाकाशी बसून स्क्रू सैल करायचा, अशी दोन माणसे लागतात. एका लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, भूलतज्ज्ञ असलेल्या आमच्या वहिनी पैठणी नेसून चालकाच्या आसनावर बसल्या आहेत, मागच्या उजव्या चाकापासून "दाबा… धरा… सोडा" असा मंत्रघोष चालला आहे, आणि मी, फराळाची बशी डाव्या हातात सांभाळून, उजव्या हाताने काय करीत होतो हे सांगण्याची आवश्यकता नाही. "माझे रोगी बेशुद्ध असतात ते बरे," वहिनी पायटा दाबीत म्हणाल्या, "या घरात शुद्धीवर असणाऱ्यालाच जास्त सोसावे लागते."

या सर्व उमेदवारांत निर्विवाद श्रेष्ठ ठरल्या त्या बापूसाहेबांच्या मातोश्री. सांगलीकडून त्या सहा महिन्यांसाठी आल्या, सुती पातळावर मुलाचा जाड कोट चढवून गॅरेजात स्टुलावर बसल्या, आणि त्यांनी विजेरी हाती घेतल्यापासून "तिकडे नको, इकडे" हे शब्द त्या वास्तूत ऐकू येईनासे झाले. मी मुद्दाम निरखून पाहिले. बापूसाहेबांची नजर कोठे आहे हे आई पाहतच नसत. त्यांचा हात यापुढे कोठे जाणार हे पाहून प्रकाश तेथे आधी नेऊन ठेवीत. धुराड्याच्या नळकांड्यावरचा एक बोल्ट गंजून असा बसला होता, की तीन निरनिराळी तेले पिऊनही तो तसूभर हलेना. "तापव आणि मेण लाव," आई म्हणाल्या. बापूसाहेबांनी ज्योतीने तो लाल होईतो तापवला, जरा निवू दिला, आणि त्याच्या माथ्याशी मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत शोषले गेले, पान्याला हलकासा झटका बसला, आणि कित्येक दशके रुसलेला बोल्ट मुकाट्याने फिरू लागला. विहिरीवरच्या किर्लोस्कर इंजिनापाशी, उसाला पाणी देण्याच्या रात्री, यजमानांसाठी कंदील धरून त्या उभ्या राहिलेल्या, तेथली ही विद्या.

इंजिनाच्या सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम, एक-आठ-चार-तीन-सहा-पाच-सात-दोन, त्यांनी रामरक्षेच्या जोडीने पाठ केला. फक्त डिस्ट्रिब्यूटरमधील फिरकी घड्याळाच्या उलट दिशेने फिरते हे कळल्यावर त्यांची मुद्रा किंचित गंभीर झाली. "अप्रदक्षिणा घालते म्हण की," एवढेच त्या म्हणाल्या, आणि गाडी सुरू होण्यास इतकी वर्षे का लागत आहेत याचा त्यांच्यापुरता उलगडा झाला. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हा सर्वांदेखत आणखी एक गोष्ट उघड केली. लहानपणी बापूच्या हाती कंदील दिला, की तो नेमका वडिलांच्या डोळ्यांवर धरीत असे, आणि त्याबद्दल त्या मळ्यात जे बोलले जाई ते त्यांना आता सांगवत नाही. बापूसाहेब त्या वेळी रेडिएटरमागे काहीतरी अतिशय निकडीचे शोधू लागले.

एक गोष्ट माझ्या ध्यानात यावयास फार उशीर झाला. त्या गॅरेजच्या छताला लखलखीत नळदिव्यांची रांग आहे, बॉनेटला चिकटणारा चुंबकी दिवा आहे, कपाळाला बांधण्याचा दिवा वहिनींनी वाढदिवसाला दिलेला आहे. दोरा ओवावा इतका प्रकाश तेथे असतो. मग माणूस कशाला? याचे उत्तर मला 2009 सालच्या वसंतात मिळाले. पॉन्टियाक हे नावच बंद होणार असे एप्रिलात जाहीर झाले. पण त्याआधीपासूनच आमच्या भागात, मोटारींच्या आधाराने उभ्या राहिलेल्या घरांत, एकेकाची नोकरी जात होती. ज्यांना सकाळी दहाला कोठे जायचे नव्हते, आणि घरी बसून बायकोच्या नजरेस नजर द्यायची नव्हती, अशा माणसांना बापूसाहेबांचे दूरध्वनी जाऊ लागले: जरा येता का, एक बोल्ट अडलाय. त्यांची स्वतःची नोकरी त्याच महिन्यात गेली होती, हे त्यांनी कोणास सांगितले नाही. मी गेलो. आणखी दोघे आधीच तेथे होते, आणि तिघांच्याही हातांत विजेऱ्या होत्या. काय झाले, आता पुढे काय, हे कोणी विचारले नाही, मात्र तासाभराने, कोणाचा चेहरा कोणास दिसत नसताना, एकजण गियरपेटीला उद्देशून बोलू लागला, आणि गाडीखालून आवाज आला, "हं. मग?" आणि थोड्या वेळाने, "जरा डावीकडे."

धाकट्या कन्येनेही, वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडण्याचा आपला निर्णय, आईच्या आधी, त्या गाडीच्या मागच्या अक्षाला सांगितला होता. बापूसाहेब तेव्हा गाडीखाली उताणे पडलेले होते. बराच वेळ पान्याचा आवाज थांबला, असे ती सांगते. मग ते म्हणाले, "बरे. हात दुखत असेल तर बदल." जेवणाच्या टेबलावर याच मनुष्यास मुलीशी हवामानापलीकडे दोन वाक्ये बोलता येत नाहीत, आणि बोलावयाची झालीच तर तो घसा साफ करून उठतो आणि भांडी विसळू लागतो.

गाडी अखेर पुरी झाली. इंजिनास मूळचा निळा रंग लागला, ऑगस्टातील तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड मार्गावर 1995 पासून जी जुन्या गाड्यांची जत्रा भरते तीत ती मिरवून आली, रस्त्याच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून आम्ही सर्वांनी चिवडा खाल्ला, आणि एका अनोळखी वृद्धाने गाडी थांबवून 242 हे आकडे पाहिले तेव्हा बापूसाहेबांचा कंठ दाटून आला. याविषयी याहून अधिक लिहिण्याजोगे काही घडले नाही. पुऱ्या झालेल्या गाडीत तसे काही नसतेच. त्या हिवाळ्यात आम्हास कोणाचा दूरध्वनी आला नाही आणि वहिनींची गाडी आत आली.

परवा थँक्सगिव्हिंगला कन्या पश्चिम किनाऱ्याहून आली. जेवणे झाली, हवामान झाले, आणि भांडी विसळायला उठण्याऐवजी बापूसाहेब म्हणाले, गाडीच्या क्लचमधून एक बारीक आवाज येतो. असा कोणताही आवाज येत नाही हे मी शपथेवर सांगू शकेन. पण कन्येने बाह्या सारल्या, चाकांच्या फळीवर आडवी होऊन ती गाडीखाली गेली, आणि बापूसाहेबांचे गुडघे आता त्यांना खाली जाऊ देत नसल्यामुळे, त्यांनी खुंटीवरची विजेरी काढून हाती घेतली.

"बाबा, तिकडे नको, इकडे."

"इकडे?"

"डोळ्यांवर नको हो! इकडे!"

वहिनींनी दोन खुर्च्या गॅरेजच्या दाराशी ओढल्या, माझ्या हाती चहा दिला, आणि आपण स्वतः पदर सावरून नाटकास आल्यासारख्या बसल्या. बापूसाहेबांनी प्रकाश एकदा चाकावर, एकदा भिंतीवर आणि एकदा थेट वहिनींच्या तोंडावर पाडला. गाडीखालून पुन्हा आवाज आला. "काका, तुम्हीच या ना. बाबांना नाही जमत."

एवढ्या वर्षांच्या उमेदवारीनंतर मिळालेली ही बढती मी, पेला खाली ठेवून, बापूसाहेबांच्या देखत, शक्य तितक्या सावकाश उठून स्वीकारली.